डाव्या हाताची गाठ

खुर्चीवाल्याच्या दारावर पाटी नव्हती आणि ती नाही याचा त्याला भारी अभिमान होता. ज्याला खुर्ची भरून हवी असेल तो शोधत येईल, असं तो म्हणे, आणि जो शोधत येणार नाही त्याला प्लॅस्टिकची पुरते. त्याला नावही होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर. बाकी सगळ्या जगासाठी तो खुर्चीवाला.

घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत संसार. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली, दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकून केलेलं कामाचं मेज. कोपऱ्यात काथ्याची पोती, भिंतीला टेकवलेल्या तरटाच्या गुंडाळ्या, पत्र्याच्या डब्यांमधून चुका म्हणजे बारीक खिळे, आणि सगळ्यावर काथ्याची तांबूस धूळ. ती धूळ मागच्या खोलीत चहाच्या भांड्यापर्यंत जायची आणि बायको रोज फडकं घेऊन तिला परत पुढच्या खोलीत हाकलायची.

काम मात्र देखणं करायचा, हे मान्य करायला हवं. लोकांच्या घरातल्या जुन्या खुर्च्या, सोफे, दिवाण आणायचे, आतड्यासारख्या बाहेर आलेल्या स्प्रिंगा पुन्हा जागेवर बांधायच्या, काथ्या भरायचा, वर कापूस, वर कापड, आणि शेवटी लांब सुईनं दोरा आरपार ओढून बटणं बसवायची. दुसरे लोक खालची बाजू काळ्या कापडानं झाकून टाकतात. हा झाकायचा नाही. लपवायचं काय त्यात? ज्याला बघायचंय त्यानं खुशाल उलटी करून बघावं. खुर्ची उलटी केली की पट्ट्यांवर त्याच्या गाठी एका रांगेत दिसायच्या, प्रत्येक गाठीचं शेपूट उजवीकडे वळलेलं. त्याच्या मते ती त्याची सही होती.

आणखी एक खूळ होतं. गिऱ्हाइकाच्या घरात तो आपण भरलेल्या खुर्चीवर कधी बसत नसे. खुर्ची बसायला असते, पण ज्याची त्याला, असं त्याच्या गुरूनं सांगितलेलं. गुरूची एवढी एकच गोष्ट त्यानं पाळली. दुसरी गोष्ट होती, ती सोडून दिली. गुरू काम दिल्यावर काही महिन्यांनी पुन्हा त्या घरी जायचा आणि बटणं आवळून यायचा. खुर्चीवाल्याला वाटे, म्हातारा भरतोच कच्चं, म्हणून जावं लागतं. माझ्या कामाला परत हात लावावा लागत नाही. आणि खरंच, एवढ्या वर्षांत कोणाची तक्रार म्हणून आली नव्हती.

बायको मशिनवर खोळी शिवायची. ती डावखुरी होती. डाव्या हातात कात्री धरून कापड सरसर कापायला लागली की हा म्हणायचा, “कापड घाबरतं गं तुला.” ती म्हणायची, “घाबरतं म्हणूनच सरळ फाटतं.” बटणं ओढणं मात्र याचं काम. त्या सुईला तिनं हात लावलेला त्याला चालत नसे.

लग्न नवं असताना एकदा भांडण झालं होतं. शेजारच्या गाळ्यात शिंप्याचं दुकान. तिथे कपडे टाकायला आलेल्या एका बाईला ही सहज म्हणाली, तुमचा सोफा फाटलाय म्हणता तर आमच्या ह्यांना दाखवा की. खिडकीतून ते याच्या कानावर पडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ती घरात येईपर्यंतसुद्धा धीर धरवला नाही.

“मी काय हात पसरून बसलोय? माझं काम बोलतं. पुन्हा कोणापाशी माझ्यासाठी शब्द टाकलास तर याद राख.”

“बरं,” ती म्हणाली. “नाही टाकणार तुमच्यादेखत.”

शेवटचा शब्द त्यानं ऐकलाच नाही. रागावलेली माणसं पहिल्या शब्दावर खूश होतात आणि पुढचं सोडून देतात.

त्यानंतर तिला दुपारची बाहेर जायची सवय लागली. भांडी घासून झाली की खांद्याला पिशवी अडकवायची आणि निघायचं. कधी दवाखान्यात कोणाला बघायला, कधी मैत्रिणीकडे, कधी लोकर स्वस्त मिळतेय म्हणून. तो शिंप्याला म्हणायचा, “आमच्या बाईसाहेबांच्या पायाला भिंगरी आहे.” शिंपी म्हणायचा, तुझ्या बुडाला तरी कुठे आहे, तू बसतोस ना एका जागी, मग झालं की. पिशवी बरीच जड असायची. बायकांच्या पिशवीत काय असतं हे विचारणाऱ्यांतला तो नव्हता. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याचा मेण लावलेला दोरा फार लवकर संपायचा. दुकानदार मापात मारतो म्हणून तो त्याच्याशी जन्मभर भांडत राहिला. त्या बिचाऱ्यानं शेवटी त्याच्यासमोर हातानं मोजून द्यायला सुरुवात केली, तरी दोरा संपायचाच.

आणि काम येत राहायचं. कधी न पाहिलेली माणसं दारात उभी राहायची, तुमच्याबद्दल ऐकलं म्हणायची. कोणाकडून, ते नीट सांगता यायचं नाही. वहिनी म्हणाली, शेजारच्या काकू म्हणाल्या, त्यांना कोणीतरी सांगितलं. रात्री जेवताना तो म्हणायचा, “बघ. काम बोलतं.” ती वाढता वाढता म्हणायची, “बोलतं खरं.”

मग ती गेली. साधा ताप आला, छातीत उतरला, आणि इस्पितळातून तो एकटा परत आला. त्यावर मी जास्त लिहीत नाही. ज्यांनी हे बघितलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळत नाही.

हातातली कामं होती ती त्यानं संपवली. खोळी स्वतःच शिवल्या, वाकड्या आल्या, उसवून पुन्हा शिवल्या. शेवटचा दिवाण उचलून नेला तेव्हा पुढची खोली एकदम मोठी झाली. मग कोणी आलं नाही. तो रोज सकाळी मेज पुसायचा, डब्यांतल्या चुका निवडून पुन्हा त्याच डब्यांत टाकायचा आणि खिडकीशी बसायचा. आधी वाटलं, लोक दुःखाच्या घरी इतक्यात काम कसं टाकतील, मान ठेवतायत. मग उन्हाळा आला तसा गेला, आणि मान ठेवणारी माणसं जरा जास्तच झाली असं दिसायला लागलं.

मुलगी दुसऱ्या गावी. ती फोनवर सरळ बोलणारी, आईवर गेलेली.

“बाबा, रिकाम्या खोलीत बसून काय करताय? इथे या. नातवंडं आहेत, वेळ जाईल.”

वेळ घालवायला मी काय पोस्टात बसलोय, असं तो म्हणाला. पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता. शेवटी असं ठरलं की शाळांना दिवाळीची सुट्टी लागली की ती येईल. तोवर कामं सुरू झाली असतील तर त्यानं राहावं. नसतील तर खोल्या सोडायच्या आणि तिच्याबरोबर जायचं. तो हो म्हणाला, कारण कामं सुरू होणार नाहीत असं त्याच्या मनातही आलं नाही.

शिंप्यानं एक पाटी रंगवून आणली आणि त्याला न विचारता दारावर ठोकली. पाटीवर फोन नंबर. फोन आले, नाही असं नाही. एकाला समारंभासाठी खुर्च्या भाड्यानं हव्या होत्या. एकीला मोटारीच्या सीटचं विचारायचं होतं. एका गृहस्थाला कुत्र्यासाठी गादी भरून हवी होती.

“कुत्र्याचं का होईना, गिऱ्हाईक आहे,” शिंपी म्हणाला.

“कुत्रा उलटी करून बघणार आहे का खालची बाजू?”

“नाही, पण तो वेळेवर बसेल तरी तिच्यावर.”

दोघं हसले, आणि हसून झाल्यावर शिंपी गंभीर झाला. तो म्हणाला, जुन्या गिऱ्हाइकांकडे जा. मी नाही का विचारत, मागचा कोट अंगाला नीट बसला का? ती विचारपूस असते, ती भीक नव्हे. आणि विचारता विचारता कोणाच्या तरी तोंडून निघतं, की अमक्याला शिवायचंय. काम असंच येतं, बाबा. तुझ्याकडे आजवर कसं आलं, कधी विचार केलायस?

जिवावर आलं होतं, पण गेला. पहिल्यांदा दंतवैद्याकडे. तिथल्या बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या त्यानं भरलेल्या. टेबलामागची मुलगी नवीन होती, ती याला ओळखत नव्हती. गाल सुजलेली तीनचार माणसं बसली होती. त्यानं मुलीला सांगितलं, खुर्च्या बघायच्यात, आणि रिकामी होती ती उचलून उलटी केली.

गाठ त्याची नव्हती.

म्हणजे रांगेतल्या बाकीच्या त्याच्या होत्या, पण एका बटणाची गाठ उलटी वळलेली, शेपूट डावीकडे. दोरा मात्र त्याच्याचसारखा, मेणाचा. त्यानं गाल सुजलेल्या एकाला उठवलं, त्याची खुर्ची उलटी केली. तीत दोन गाठी. दुसऱ्याला उठवलं. तोवर मुलगी घाबरून उभी राहिली होती. काही सापडलं का, ढेकूण आहेत का, असं तिनं दबक्या आवाजात विचारलं, आणि ते ऐकून उरलेले पेशंट आपण होऊनच उठले. खुर्चीवाला बाहेर पडला.

त्या संध्याकाळी शिंप्यापुढे त्यानं तोंड उघडलं. कोणीतरी डावखुरा कारागीर गावात फिरतोय. माझ्या कामात हात घालतोय, माझी गिऱ्हाइकं फोडतोय. आता कळलं कामं का येत नाहीत. सांगताना त्याचा चेहरा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा उजळला होता. हातात काही नसलेल्या माणसाला एखादा शत्रू सापडणं हीसुद्धा मोठी सोय असते. शिंप्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं. तो काहीतरी बोलणार होता, पण सुईत दोरा ओवायच्या निमित्तानं त्यानं मान खाली घातली.

वाचणाऱ्यांच्या केव्हाच ध्यानात आलं असेल. त्याच्या नाही आलं. ज्या घरात उभा जन्म डाव्या हातानं वाढलेलं जेवला, त्या घराकडे त्याचं लक्षच गेलं नाही. तिला त्यानं बजावलं होतं, ती बरं म्हणाली होती, विषय संपला होता.

आता त्याला जायला निमित्त मिळालं. काम मागायला नाही, चोर पकडायला. दुसऱ्या दिवशी तो एका मोठ्या घरी गेला. तिथला सोफा आणि जोडीच्या खुर्च्या त्याच्या हातच्या. घरची बाई बाहेर गेली होती, नवरा सुट्टी घेऊन घरी होता, पायजम्यावर पेपर वाचत. त्याला खुर्चीवाला कोण हे अंधुक आठवलं. यानं परवानगी विचारल्यासारखं केलं आणि सोफा आडवा पाडला. खाली तीच गाठ. एक नाही, बऱ्याच.

“हे कोणी केलं?”

“काय केलं?”

“माझ्या कामात दुसऱ्या माणसाचा हात घालायचा होता तर आधी मला सांगायचं होतं. मी काय मेलो होतो?”

तो गृहस्थ पहिल्यांदा गोंधळला आणि मग चिडला. दुपारी घरात कोण येतं, कोण जातं मला माहीत नाही, मी कामावर असतो. सोफा माझा आहे, त्याला मी गाठ मारीन नाहीतर कुऱ्हाड. तुम्ही आधी तो सरळ करा आणि चालू लागा. खुर्चीवाल्यानं सोफा सरळ केला. दाराशी गेल्यावर पाठीमागून ऐकू आलं, की पुन्हा या घरात पाय ठेवायचं कारण नाही.

तिसरं घर शाळेच्या बाईंचं. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झालेली, एकट्या राहणाऱ्या, दोन जिने चढून वर. खिडकीशी त्यांची उंच पाठीची खुर्ची. बाईंनी दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या मागे जिन्यात पाहिलं.

“एकटेच? तुमची मंडळी कुठाय?”

त्याला वाटलं, बाईंना वयामुळे भ्रम होतोय. तो म्हणाला, खुर्ची बघायला आलोय.

“तेच म्हणते. खुर्ची बघायला ती येते. यंदा किती उशीर केला. बटण लोंबतंय बघा कसं, मी ओढत नाही, ती रागावते ओढलं की.”

खुर्चीवाला उभ्या जागी उभा राहिला. बाईंना बोलायला माणूस मिळाला होता. त्या सांगत गेल्या. ही यायची. खुर्ची बसली का बघायला आले म्हणायची, आणि आधी खुशाल पाय वर घेऊन खुर्चीत बसायची. मग पिशवीतून छोटी हातोडी, सुई, दोरा निघायचा. डाव्या हातानं अशी काही गाठ मारायची की मला हसू यायचं. मी म्हणायची, मुली, माझ्या वर्गात असतीस तर तुझा हात बदलायला लावला असता. ती म्हणायची, बरं झालं बाई, नव्हते ते. मग चहा. मग विचारायची, खाली कोण राहायला आलं, त्यांचं सामान जुनं आहे का, तुमच्या भाचीच्या दिवाणाचं काय झालं. सगळ्या घरची खबर तिच्यापाशी. एकदा मी म्हटलं, नवऱ्याला का नाही पाठवत? तर म्हणाली, त्यांचं काम फार सुंदर आहे हो बाई, फक्त बटणं सैल पडतात. आणि ते त्यांना सांगायचं नाही.

खाली रस्त्यावर कोणीतरी हातगाडी ओढत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

“ती गेली,” तो म्हणाला. “मागच्या थंडीत.”

बाई पलंगावर बसल्या. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायला काही सापडेना म्हणून तसाच हातात धरला. मग जरा रागानंच म्हणाल्या, “आणि मला आज कळतंय? कोणी कळवलं नाही?”

तो काय कळवणार. ती बाईंकडे येते हेच त्याला ठाऊक नव्हतं.

“खालच्या मजल्यावरच्यांच्या जेवणाच्या खुर्च्या होत्या,” बाई म्हणाल्या. “मी त्यांना थांबवून ठेवलं होतं, आमची खुर्चीवाली येईल, तिला द्या म्हणून. तुमचा पत्ता माझ्यापाशी नाही. कोणापाशीच नाही. तीच पत्ता होती. ते बिचारे थांबले थांबले आणि परवा त्यांनी त्या मोडीत घातल्या. तुम्ही बसा. उभे का?”

“कारागीर बसत नाही, बाई.”

“ती बसायची. बसा म्हणते ना.”

बाईंचा आवाज चाळीस पोरांना गप्प करणारा होता. तो बसला. आपण भरलेल्या खुर्चीत गिऱ्हाइकाच्या घरी तो जन्मात पहिल्यांदा बसत होता. हातानं, कोपरानं, गुडघ्यानं दाबून त्यानं हजार खुर्च्या तपासल्या होत्या, पण अंग टाकल्यावर काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. ठीक होती खुर्ची. मांडीखाली ते एक सैल बटण टोचत होतं.

मग उठून त्यानं खुर्ची उलटी केली. सैल पडलेली गाठ तिची होती. मागच्या वर्षीची. आता ती आवळायची तर आधी कापायला हवी, दुसरा मार्ग नाही. त्यानं खिशातली कात्री काढली, पुन्हा आत ठेवली. बाई बघत होत्या. शेवटी त्यानं गाठ कापली, नवा दोरा ओवला, बटण ओढून बसवलं. कापलेला दोरा त्यानं फेकला नाही, तो मुठीत राहिला.

निघताना बाई म्हणाल्या, त्यांची खुर्ची तशी जुनी झालीय, सगळीच नव्यानं भरून टाका. त्याला कळलं. “चांगली आहे बाई खुर्ची,” तो म्हणाला. “धडधाकट वस्तू फाडायला मला नका लावू.”

घरी येऊन त्यानं दारामागच्या खुंटीवरची पिशवी काढली. मुलीनं आईच्या वस्तू आवरल्या तेव्हाही ती तिथेच राहिली होती. आत त्याची जुनी छोटी हातोडी, जी हरवली म्हणून त्यानं शिंप्यावर आळ घेतला होता. एक लांब सुई, टोक मोडू नये म्हणून बुचात खोचलेली. आणि त्याच्याच गोळ्यातून काढलेला मेणाचा दोरा, चार बोटांवर गुंडाळून ठेवलेला. तो पुष्कळ वेळ मेजाशी बसून राहिला. अंधार झाल्यावर शिंप्यानं दुकान बंद करताना आत डोकावून विचारलं, दिवा लावू का?

“तुला माहीत होतं,” खुर्चीवाला म्हणाला.

“अख्ख्या गल्लीला माहीत होतं,” शिंपी म्हणाला. “दर वेळी जाताना माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायची. मग मी काय सांगणार?” आणि त्यानं दिवा लावला.

सुट्टी जवळ आली होती. खुर्चीवाल्यानं पिशवी खांद्याला अडकवली आणि दुपारी निघाला. जिथे जिथे काम केलं होतं ती घरं आठवून आठवून. पण जे तिला यायचं ते याला यायचं नाही. खुर्ची उलटी करून बटण आवळणं जमायचं. चहा पिता पिता खालच्या मजल्यावर कोण राहायला आलं, हे विचारायच्या आत तो कप ठेवून उठायचा. आणि प्रत्येक दारात पहिला प्रश्न तोच. बाई नाही आल्या? तो सांगायचा. मग रडणं, मग गप्पा तिच्याच, मग कोणीतरी कणव येऊन म्हणायचं, आमचा तो स्टूल घेऊन जा, भरून द्या. एक स्टूल मिळाला, एक पाळण्याची गादी मिळाली. ती कामं हातात घेताना त्याला वाटायचं, आपण तिचं मरण दारोदार विकत फिरतोय. ती जिवंत असताना तिला एक शब्द टाकू दिला नाही, आणि आता ती गेली हाच शब्द टाकून पोट भरायचं.

त्या मोठ्या घरी तो शेवटी गेला. तिथे माफी मागायची होती. या वेळी घरची बाई होती. तिच्या कपाळावर आठ्या, दार अर्धंच उघडलेलं. नवऱ्यानं सगळं सांगितलं होतं. खुर्चीवाला म्हणाला, चूक झाली, मला माहीत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग तिचा चेहरा मऊ झाला.

“तुम्हाला खरंच नव्हतं माहीत? कमाल आहे तिची. सहा वर्षं येतेय. आणि कशी आहे ती? या वेळी आलीच नाही.”

तो सांगणार होता. रोज सांगत होता तसंच, दोन शब्दांत. तोंडातून निघालं ते वेगळंच.

“बरी आहे,” तो म्हणाला. “गुडघे धरलेत. जिने चढवत नाहीत.”

“अगंबाई, म्हणून होय. मी म्हटलं, माझ्यावर रागावली की काय.” बाईनं दार पूर्ण उघडलं. ती खूप बोलली. आतल्या खोलीत सासूबाईंचा मोठा दिवाण आहे, तो आणि खिडकीतलं बैठं बाक, दोन्ही भरून घ्यायचंय, नणंदेकडचा सोफाही आहे. मोठं काम होतं, त्याचा सगळा हिवाळा निघाला असता. खुर्चीवाला ऐकत उभा राहिला. मग ती हसून म्हणाली, “पण ते तुमच्याशी नाही हं बोलणार. रंग, कापड, सगळं माझं आणि तिचं ठरलंय. थोडं बरं वाटलं की पाठवा तिला. तोवर मी कोणाला हात लावू देत नाही. सांगाल ना?”

खरं बोलायला अजूनही उशीर झाला नव्हता. एक वाक्य होतं. ते बोलला असता तर बाई रडली असती आणि काम त्याच्या हातात पडलं असतं, हे त्याला आता चांगलं माहीत झालं होतं.

“सांगतो,” तो म्हणाला.

मुलगी आली तेव्हा पुढच्या खोलीत एक स्टूल होता. तिनं चौकशी केली नाही. तिनं काथ्याची पोती कोणाला द्यायची ते शिंप्याला विचारलं, डबे बांधले, पाटी स्वतः स्टुलावर चढून उतरवली. शिंपी मदत करत होता आणि मधेच, याच्या पायाला आता भिंगरी लागलीय, तिकडे सांभाळ गं बाई, असं म्हणाला. कोणी हसलं नाही. मेज मात्र दारातून निघेना. ते खोलीतच बांधलेलं होतं. ते तिथेच राहिलं.

सगळं बाहेर गेल्यावर मुलगी म्हणाली, शिंपीकाका सांगत होते, कोणा बाईंचं मोठं काम होतं. दिवाण, बाक, आणखी काय काय. पण आई गेल्याचं तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत. “तुम्ही जाताय हे त्यांना कळवायला नको? आणि आईचं?”

खुर्चीवाल्यानं पिशवी खांद्याला अडकवली. किल्ली शिंप्याच्या हातात दिली.

“नको,” तो म्हणाला. “ती तुझ्या आईची वाट बघतेय. बघू दे कोणीतरी.”